शाळा निवडली की बाई निवडल्या? पहिलीच्या एका प्रवेशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

चाकण-तळेगाव पट्ट्यातलं एक गाव. गावठाणात मारुतीचं देऊळ, देवळाला लागून जिल्हा परिषदेची शाळा आणि रस्त्यापलीकडे गेल्या दहा वर्षांत उभ्या राहिलेल्या तीन सोसायट्या. सोसायटीतली मुलं सकाळी पिवळ्या बसमध्ये चढतात. झेडपीच्या शाळेत जातात ती गावठाणातली मुलं, आणि कंपन्यांमध्ये कामाला आलेल्या बिहार-यूपीच्या, बीड-परभणीच्या माणसांची मुलं. दोन्हींच्या मधे एक रस्ता आणि एक गतिरोधक, पण तो रस्ता ओलांडून शाळेत जाणारं सोसायटीतलं मूल 2023 पर्यंत एकही नव्हतं.

हे प्रकरण त्यातल्याच एका सोसायटीतल्या घराचं. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. मुलीला आपण मनू म्हणू. बाबा वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत क्वालिटीला, पाळीची नोकरी. आई एम.कॉम., घरी बसून दोन-तीन दुकानदारांची जीएसटीची कामं करते. आजोबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, बार्शी तालुक्यातले, माळकरी.

मी 26 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आता शाळाप्रवेशाच्या दिवसांत पालकांशी बोलते. पैसे घेत नाही, त्यामुळे माझा सल्ला फुकटचा म्हणून ऐकला जातो आणि फुकटचा म्हणूनच सोडूनही दिला जातो. या घरानं तो ऐकला. त्यात माझं काय चुकलं, ते पुढे येईलच.

अडचण

जानेवारी 2023 मध्ये मनूची आई माझ्याकडे आली ती फाइल घेऊनच. आत सात शाळांची माहितीपत्रकं आणि तिनं स्वतः एक्सेलमध्ये केलेला तक्ता. बोर्ड, माध्यम, फी, अंतर, बसभाडं, मैदान असे रकाने, आणि शेवटचा रकाना ‘सर्वांगीण शिक्षण’. त्या रकान्यात सातही शाळांपुढे ‘हो’.

“यात फरकच दिसत नाही, बाई,” ती म्हणाली.

दिसणार कसा? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं हा शब्द उचलून धरला. 2022 मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा आला, त्यात पंचकोश आले, म्हणजे शरीरापासून आनंदापर्यंत माणसाच्या घडणीचे पाच थर, अन्नमयापासून आनंदमयापर्यंत. तिच्या फाइलमधल्या दोन माहितीपत्रकांत ते पाच कोश कमळाच्या पाच पाकळ्या करून छापले होते, आणि पुढच्याच पानावर ‘पहिलीपासून ऑलिम्पियाडची तयारी’. आराखडा वाईट नाही, मी तो वाचलाय. तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळत, बोलत, हातानं करत शिकावं असंच त्यात म्हटलंय. पण चांगला शब्द जाहिरातीच्या फलकावर चढला की त्यातलं पाणी आटतं.

खरी अडचण मात्र फाइलमध्ये नव्हती, घरात होती. पुढच्या भेटीत मी तिघांनाही बोलावलं आणि प्रत्येकाला एकच विचारलं, सर्वांगीण म्हणजे तुमच्या मनात नेमकं काय आहे? बाबा म्हणाले, स्टेज डेअरिंग. मूल चारचौघांत उभं राहिलं पाहिजे, इंग्रजीत बोललं पाहिजे, ‘आमच्यासारखं मुलाखतीत ततपप नको’. आई म्हणाली, तिला दुपारी झोप यावी इतकं खेळायला मिळावं आणि मराठी वाचावंसं वाटावं. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वळण. वळण लागलं की बाकीचं येतं.”

एका शब्दाखाली तीन वेगळ्या मागण्या लपल्या होत्या. तिघांनाही वाटत होतं की आपलं एकमत आहे. मी तेव्हा लिहून ठेवलं: ‘भांडण माध्यमाचं आहे, पण कुणी ते नाव घेत नाही.’

आणखी एक बारीक गोष्ट वयाची. मनूचा जन्म नोव्हेंबर 2017 चा. आपल्याकडे 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणाऱ्या मुलाला त्याच जूनमध्ये पहिलीत घेता येतं, म्हणजे मनू साडेपाच वर्षांची असताना पहिलीत बसली असती. एक वर्ष थांबायचं का, हा प्रश्न निघाला आणि पाच मिनिटांत बाजूला पडला. सोसायटीतल्या तिच्या जोडीच्या सगळ्या मुली जूनमध्ये जाणार होत्या, एवढंच कारण.

समोरचे पर्याय

मी त्यांना तक्त्यातला शेवटचा रकाना खोडायला लावला आणि त्याजागी लिहायला लावलं: ‘मंगळवारी काय होतं?’ सोमवारी शाळा ताजी असते, शनिवारी उपक्रम असतात, पालकांना दाखवायचे दिवस ठरलेले असतात. मंगळवार कुणी सजवत नाही.

पहिली शाळा महामार्गावरच्या मोठ्या फलकाची. सीबीएसई, 14 किलोमीटर. फी, बस, पुस्तकं, दोन प्रकारचे गणवेश धरून वर्षाला 1,57,000 रुपये. जलतरण तलाव सुंदर, पण तिसरीपासून आणि वेगळे पैसे भरून. मंगळवारचं पहिलीचं वेळापत्रक आईनं मागितलं तेव्हा प्रवेश विभागातल्या मॅडमना ते शोधावं लागलं. 35 मिनिटांच्या आठ तासिका. त्यात चित्रकला नाही (ती गुरुवारी), खेळ नाही (तो सोमवारी आणि शुक्रवारी), मूल्यशिक्षण एक तास, संगणक एक तास. वह्या 14. बस सकाळी 6:50 ला सोसायटीच्या दारात. प्राथमिकची शाळा नऊच्या आधी भरवू नये असं शासनानं सांगितलं ते पुढच्या वर्षी, 2024 मध्ये.

तिथे मनूला ‘इंटरॅक्शन’साठी बोलावलं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या 13 व्या कलमानुसार प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावता येत नाही. पहिल्यांदा तसं केलं तर 25,000 रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून हल्ली त्याला परीक्षा म्हणत नाहीत. टेबलावर रंगीत ठोकळे होते. मॅडमनी एक उचलला. मनू म्हणाली, “जांभळा.” “इन इंग्लिश, बेटा.” मनूनं मान खाली घातली आणि बुटाच्या वेल्क्रोची पट्टी उघडली, लावली, परत उघडली. ‘पर्पल’ तिला येत होतं, बालवाडीत रोज म्हणायची. प्रवेश मिळाला, पण आईच्या डोक्यात तो वेल्क्रोचा टर्र आवाज राहिला.

दुसरी शाळा तळेगावातली जुनी, अनुदानित, सेमी-इंग्रजीची. शिस्त चांगली, निकाल चांगला, पहिलीच्या एका तुकडीत 62 मुलं. यावर अधिक लिहीत नाही. 62 मुलांच्या वर्गात बाई कितीही चांगल्या असल्या तरी मनूचा नंबर दिवसातून एकदा येणार, तोही हजेरीला.

तिसरी शाळा आईच्या मनातली. महाराष्ट्रात मराठीतून वेगळ्या रीतीनं शिकवणाऱ्या शाळांची एक परंपराच आहे. लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये कोल्हापुरात सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालय, फलटणचं कमला निंबकर बालभवन, पुण्याचं अक्षरनंदन, नाशिकचं आनंद निकेतन. त्याच वाटेवरची एक छोटी शाळा त्यांच्या घरापासून 23 किलोमीटरवर होती. वर्गात 28 मुलं, परीक्षा नाही, पालकांनी वर्षातून काही दिवस शाळेत येऊन काम करायचं, प्रवेश चिठ्ठ्या टाकून. आई एकदा जाऊन आली आणि दोन दिवस त्याच शाळेबद्दल बोलत राहिली. पण बस नाही, जाता-येता दोन तास, आणि बाबांची पाळी बदलती. बाबांनी अंतराचं कारण दिलं. माझा अंदाज, अंतर दहा किलोमीटर असतं तरी त्यांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं.

चौथा पर्याय यादीत नव्हताच. तो मी घातला: रस्त्यापलीकडची झेडपीची शाळा.

निर्णयाचे टप्पे

त्या शाळेचा पट 84. कायद्यानुसार 61 ते 90 मुलांमागे तीन शिक्षक. एक बाई पहिली-दुसरीला, एक गुरुजी तिसरीला, मुख्याध्यापक चौथीला. दोन वर्ग एकत्र, हे ऐकूनच बाबा खुर्चीत मागे सरकले.

एप्रिलमध्ये तिथे ‘पहिले पाऊल’ अभियानातला शाळापूर्व तयारी मेळावा होता. मी म्हटलं, निर्णय राहू द्या, मेळाव्याला तर चला. अंगणात जाजमं टाकून कोपरे केले होते. एका ठिकाणी मूल दोरीवरून उड्या मारणार, एका ठिकाणी कागदाची घडी घालणार, एका ठिकाणी चित्र पाहून गोष्ट सांगणार, एका ठिकाणी चिंचोके मोजणार. प्रत्येक मुलाच्या हातात एक विकासपत्र, त्यावर त्या-त्या कोपऱ्यातल्या ताई खूण करत होत्या. मनू चिंचोक्यांपाशी बसली. दहापर्यंत मोजले आणि पुढचे खिशात घातले. पहिलीच्या बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “खिशात किती गेले?” मनूनं काढून मोजले. सात. “मग एकूण किती झाले?” मनूनं सगळे परत एकत्र ओतले आणि पहिल्यापासून मोजायला लागली. बाई थांबल्या. मागे रांगेत चार मुलं होती तरी थांबल्या. सतरापर्यंत पोचायला मनूला चांगली दोन-अडीच मिनिटं लागली असतील.

मी 26 वर्षं शिकवलंय. असं थांबणं कागदावर शिकवता येत नाही.

या बाई मूळच्या मराठवाड्यातल्या. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्या सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) शाळा बघून आल्या होत्या. ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मूल स्वतः करून बघत शिकतं या विचाराचा, बोलबाला होता तेव्हा तिकडे राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरून जायच्या. त्यांच्या वर्गात बाक नव्हते. फरशीवर ऑइलपेंटनं शंभरचा तक्ता, बाराखडी, घड्याळ रंगवलेलं. भिंतीवरची चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. दुसरीतली मुलगी पहिलीतल्या मुलाला शब्दपट्ट्या लावून दाखवत होती, म्हणजे बाबा ज्याला घाबरले ते दोन वर्ग एकत्र असणं इथे कामाला येत होतं. मधल्या सुट्टीत मुलं पोषण आहाराची ताटं स्वतः धुऊन रचत होती. एका मुलाचा वरणभात सांडला तर दुसऱ्यानं फडकं आणलं, कुणी सांगितलं नव्हतं. आजोबांना हवं असलेलं वळण मला तिथे दिसलं, आणि ते आजोबांनीही पाहिलं.

तरीही सगळ्यात कडक विरोध आजोबांचाच झाला. घरी बैठक झाली त्या रात्री ते म्हणाले, “मी जीवन शिक्षण मंदिरात शिकलो. मूलोद्योग होता. टकळीवर सूत काढलं, झाडांना पाणी घातलं, शनिवारी वर्ग शेणानं सारवला. त्याला तुम्ही आता सर्वांगीण म्हणता. आम्ही त्याला काम म्हणायचो. तिथून मी पोराला बाहेर काढलं, आता नातीला परत तिथेच?”

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. 1937 च्या वर्धा परिषदेतून निघालेली नई तालीम, म्हणजे हातकामातून शिकवायची गांधीजींची कल्पना, गावोगावच्या शाळांत उतरता उतरता काय होऊन गेली, हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्यांनी ते हातानं केलं होतं. हातानं काम करत शिकणं आणि शिपाई नाही म्हणून मुलांकडून काम करून घेणं, यात फरक आहे. पण सारवणाऱ्या मुलाला तो फरक कोण सांगणार? मी एवढंच म्हटलं, की ताटं धुण्याच्या जागी बाईही त्यांच्यासोबत उभ्या होत्या, तुम्ही पाहिलंत. आजोबा म्हणाले, “पाहिलं. म्हणून तर इतका वेळ बसलोय.”

बाबांचा प्रश्न सरळ होता: इंग्रजीचं काय? ते एकटेच जाऊन बाईंना विचारून आले. मराठी शाळांतही 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पाठ्यपुस्तकंही तेव्हा द्विभाषिक झालेली, हे त्यांना ठाऊक होतं. बाई म्हणाल्या, “साहेब, खोटं नाही सांगत. मला फाडफाड बोलता येत नाही. वाचायला शिकवीन, शब्द देईन, गाणी घेईन. बोलायचं वातावरण इथे नाही.” बाबांना राग येईल असं मला वाटलं होतं. झालं उलटं. घरी येऊन म्हणाले, इतक्या शाळा हिंडलो, ‘हे आमच्याकडे नाही’ असं सांगणारी ही पहिली शाळा.

माझ्या मते निर्णय तिथेच झाला. बाकी आकडेमोड नंतरची.

काय केलं

एक वर्ष बघायचं, मार्चमध्ये पुन्हा बसायचं, असं ठरलं. मोठ्या शाळेची अनामत भरली नव्हती, ते बरं झालं. वाचलेल्या पैशातून वर्षाला 50,000 रुपये मनूसाठी वेगळे ठेवायचे आणि त्यातून पुस्तकं, पोहणं, सहली करायच्या, पण शिकवणी लावायची नाही. पहिल्या वर्षी त्यातले जेमतेम 22,000 खर्च झाले. रोज रात्री बाबा (पाळी असेल तसे) एक इंग्रजी गोष्ट मोठ्यानं वाचणार. याचा एक फायदा असा झाला की बाबांचंच इंग्रजी सुधारलं, असं आई म्हणते.

आई शाळा व्यवस्थापन समितीत गेली. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया, पण प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरी येतं आणि सह्या होतात. ही प्रत्यक्ष बैठकीला जायला लागली. पहिल्याच बैठकीत तिनं मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसल्याचा विषय काढला. टाकी होती, मोटार जळली होती, दुरुस्तीचं पत्र ग्रामपंचायतीत पडून होतं. पाणी यायला अडीच महिने लागले. तोवर मनू दुपारी घरी यायची, रस्ता ओलांडून, आजोबांचं बोट धरून. ज्यांचं घर लांब होतं त्या मुली काय करत होत्या, हे आईला तेव्हा कळलं आणि मला ते आधी कळायला हवं होतं. मेळाव्याच्या दिवशी मी भिंतीवरची चित्रं पाहिली, स्वच्छतागृहाचं दार उघडून पाहिलं नाही.

काय झालं

पहिली छान गेली. दिवाळीपर्यंत मनू पाट्या वाचायला लागली, दुकानांच्या, ट्रकच्या मागच्या, औषधांच्या. परिपाठात दिनविशेष वाचायची पाळी आली की आदल्या रात्री घर डोक्यावर घ्यायची. बाबांचं स्टेज डेअरिंग असं आलं, पाठांतराच्या भाषणाशिवाय. तिच्या शेजारी बसणारी मुलगी बिहारमधल्या छपरा गावाकडची. मनू घरी येऊन भोजपुरीत काहीतरी म्हणायची आणि ती मुलगी मनूकडून ‘ळ’ शिकली. नोव्हेंबर 2023 पासून पोषण आहारात आठवड्याला अंडं आलं, न खाणाऱ्यांना केळं. माळकरी घरातली मनू केळं घ्यायची. एक दिवस तिनं आजोबांना विचारलं, केळं घेणारे आपण आणि अंडं घेणारे ते, असं का? आजोबांनी काय उत्तर दिलं ते मला कुणी सांगितलं नाही.

कमी पडलं तेही लिहायला हवं. चित्रकलेला, संगीताला वेगळे शिक्षक नाहीत. खेळाचं साहित्य म्हणजे दोन चेंडू, रिंग आणि दोरी. सोसायटीत संध्याकाळी खेळताना मुलं आपापल्या शाळेच्या बसबद्दल, स्नेहसंमेलनाबद्दल बोलायची, मनूकडे सांगायला त्यांना कळेल असं काही नसायचं. दोन वाढदिवसांना तिला बोलावणं आलं नाही. एकदा निसटलं असेल, दुसऱ्यांदा नाही.

दुसरीच्या दिवाळीनंतर बाईंची बदली झाली. आंतरजिल्हा बदली, स्वतःच्या जिल्ह्यात. कितीतरी वर्षं त्या अर्ज करत होत्या. नवरा तिकडे, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. निरोपाच्या दिवशी शाळा रडली, आणि आई घरी येऊन मला फोनवर म्हणाली, “बाई, आपण शाळा निवडली होती की बाई निवडल्या होत्या?”

जागा रिकामी राहिली ती वर्ष संपेपर्यंत. तिसरीचे गुरुजी तीन वर्ग सांभाळायला लागले. तेही चांगले, पण जनगणना नसली तरी निवडणुकीचं, सर्वेक्षणाचं, ऑनलाइन माहिती भरायचं काम त्यांच्याकडेच. फरशीवरचा तक्ता तसाच होता, फक्त त्यावर आता मुलं ओळीनं बसून फळ्यावरचं उतरवून घेत होती. मनू शाळेतून आली की विचारलं काय केलं, तर म्हणायची, “लिहिलं.” 

जानेवारीत मोठ्या शाळेचा फोन आला, तिसरीत जागा आहे, लवकर भरलं तर फीत सवलत. बाबा म्हणाले, आता तरी. ही वेळ मला पहिल्या निवडीपेक्षा अवघड वाटली. पहिल्या वेळी निदान सगळं कोरं होतं.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. समितीमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र दिलं आणि दर सोमवारी त्याचा पाठपुरावा केला. आणि ग्रामपंचायतीकडून मानधन मिळवून गावातल्याच डी.एड. झालेल्या एका मुलीला जूनपर्यंत वर्गावर आणलं. आई आठवड्यातून दोनदा तास घ्यायला लागली, गोष्टींचा. तिचा पहिला तास पूर्ण फसला. मुलांनी गोष्ट ऐकली आणि विचारलं, “यावर प्रश्न काय लिहायचे?” चार महिन्यांत मुलांना ही सवय लागली होती.

जून 2025 मध्ये नव्या बाई आल्या, तरुण, पहिलीच नेमणूक. वर्षाच्या सुरुवातीला आवाज चढवायच्या, आता कमी चढवतात. मनू आता तिसरीत, गुरुजींच्या वर्गात. मराठी भराभर वाचते, ग्रंथालयाच्या पेटीतली पुस्तकं संपवून मुख्याध्यापकांकडे आणखी मागते. गणितात ठीक. इंग्रजी अडखळत वाचते, स्पेलिंग कच्चं. बाबा ते दर महिन्याला सांगतात आणि खोटं सांगत नाहीत. अक्षर अजून मोठं-लहान होतं, लिहिताना बोटं दुखतात म्हणते. सोसायटीतली आणखी दोन मुलं गेल्या वर्षी रस्ता ओलांडून आली, त्यातलं एक दिवाळीनंतर परत गेलं.

मागे वळून पाहताना

वयाचा प्रश्न पाच मिनिटांत सोडला, ते चुकलं. दुखणारी बोटं वयामुळेच, असं मी म्हणणार नाही. पण दुसरीत सगळं लिहिण्यावर आलं तेव्हा वर्गातली ती सगळ्यात लहान होती. एक वर्ष बालवाडीत थांबली असती तर काही बिघडलं नसतं. हे मी ठासून सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

तिसरी शाळा, 23 किलोमीटरवरची, आम्ही नीट तपासलीच नाही. त्या बाजूला जाणारी आणखी दोन-तीन घरं नंतर समजली, मिळून गाडी करता आली असती. बाबांच्या ‘लांब आहे’वर मीही मान डोलावली, कारण मला रस्त्यापलीकडची शाळा दाखवायची घाई झाली होती. सल्ला देणाऱ्याचंही आपलं एक आवडतं उत्तर असतं.

आणि मुख्य म्हणजे बदली. झेडपीत बदली हा अपघात नाही, तो नियम आहे. शाळेत शिरल्यावर विचारायचा पहिला प्रश्न हाच: कुणाला किती वर्षं झाली, कुणाचा अर्ज आहे, आणि या बाई गेल्या तर त्यांच्या रीतीतलं काय उरेल? मोठ्या शाळेतही हाच प्रश्न लागू पडतो. तिथे बदली नसते, राजीनामा असतो. मनूच्या जोडीची मुलगी त्याच शाळेत आहे आणि दोन वर्षांत तिच्या वर्गशिक्षिका तीनदा बदलल्या, फक्त तिथे निरोपसमारंभ झाले नाहीत. आमच्या शाळेत बाईंमागे काय उरलं? फरशीवरचा तक्ता, मुलांनी स्वतः भरायचं ग्रंथालयाचं रजिस्टर आणि ताटं रचायची पद्धत. पहिलं चार महिने निर्जीव पडलं, दुसरी दोन चालू राहिली, कारण ती मुलांच्या हातात होती. त्या एप्रिलमध्ये मी चिंचोके मोजणाऱ्या बाईंकडे पाहत राहिले. रजिस्टर कोण लिहितं ते विचारलं असतं तर जास्त कळलं असतं.

ही शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी आईनं परवा नवा तक्ता पाठवला, चार शाळा, रकाने कमी. ‘सर्वांगीण’ नाही. ‘मंगळवार’ आहे, ‘मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी’ आहे, आणि शेवटी ‘शिक्षक किती वर्षांपासून’. त्या शेवटच्या रकान्यात एका शाळेपुढे तिनं लिहिलंय, ‘विचारलं तर म्हणाले, हे कशाला हवंय?’ दोन रकाने अजून रिकामे आहेत. त्या शाळांत ती येत्या मंगळवारी जाणार आहे, आणि या वेळी आजोबाही बरोबर येतो म्हणालेत.